आधी त्याचीच पिशवी का?

शिक्षकाच्या घरी जन्मलेल्या मुलांचे एक दुर्दैव असते. इतरांची मुले शाळा सुटली की शिक्षकाच्या तावडीतून सुटतात. शिक्षकाच्या मुलांना तोच मनुष्य घरी पुन्हा भेटतो. पण या दुर्दैवाला दुसरीही एक बाजू आहे, आणि ती शिक्षकाला सोसावी लागते. वर्गातली इतर मुले आपण काय शिकवले ते ऐकून घरी जातात. आपले स्वतःचे मूल त्याच वर्गात बसलेले असेल, तर ते आपण काय केले हेही पाहते, आणि संध्याकाळी पानावर बसल्यावर त्याबद्दल विचारते.

माझ्या मुलीने मला असा एक प्रश्न विचारला, त्याला आता काही वर्षे झाली. ती तेव्हा चौथीत होती आणि चौथीचा वर्ग माझ्याकडेच होता. आमचे गाव यवतमाळ जिल्ह्यातले, लहानसे, चारी बाजूंनी कपाशीने वेढलेले. दिवाळीच्या सुटीला चार दिवस उरले होते. सुटीआधी मुलांना कळंबच्या चिंतामणीला सहलीला न्यायचे ठरले होते. सतरा मुलांनी वीस-वीस रुपये आणून दिले. ते तीनशे चाळीस रुपये मी एका पाकिटात घातले, पाकीट टेबलावर ठेवले आणि मुख्याध्यापकांनी बोलावले म्हणून उठून गेलो. परत येऊन पाहतो तो टेबलावर पाकीट नाही.

पुढे ही हकीकत ज्यांना ज्यांना सांगितली, त्यांना मी म्हणत आलो, की माझी नजर वर्गावरून फिरली. ते खरे नाही. नजर फिरली असती तर तिला सतरा चेहरे दिसले असते. ती सरळ एका चेहऱ्यावर जाऊन थांबली. भिंतीजवळ बसणारा तो मुलगा गावाबाहेरच्या पारध्यांच्या बेड्यावरून येत असे. त्याचे नाव इथे सांगत नाही. मुलगा हुशार होता असे म्हणवत नाही. गणितात तो कच्चा होता. पण तितराचा आवाज तोंडाने असा काढी, की खिडकीबाहेरच्या बांधावरून खरे तितर उत्तर देई. त्या दिवसापर्यंत वर्गात त्याची हीच ओळख होती.

मी म्हणालो, "सगळ्यांची दप्तरे तपासायची आहेत. ऊठ रे, तुझी पिशवी आण."

त्याच्यापाशी दप्तर नव्हते. खताच्या पोत्याची शिवलेली पिशवी होती. त्याने ती आणली, मी ती टेबलावर उलटी केली. दोन वह्या, पेन्सिलीचा एक तुकडा, फडक्यात बांधलेली अर्धी भाकर आणि दोरीचा एक लहानसा फास एवढे त्यातून निघाले. फास पाहून पोरे हसली. मग मी आणखी दोन-तीन दप्तरे वरवर चाळली, कारण 'सगळ्यांची' असा शब्द तोंडातून गेला होता. पाकीट मिळाले नाही. मुलगा आपले सामान गोळा करून जागेवर गेला, आणि मधल्या सुटीनंतर तो वर्गात दिसला नाही.

संध्याकाळी घरी हजेरीपट भरायला घेतला, तेव्हा त्याच्या खाकी वेष्टणात ते पाकीट सापडले. उठताना मीच ते घाईने तिथे सरकवले होते.

मी मोठ्या आनंदाने घरात सांगितले, "अगं, सापडले पैसे!" मुलगी जेवत होती. तिला काही आनंद झालेला दिसला नाही. तिने विचारले, "बाबा, तुम्ही आधी त्याचीच पिशवी का पाहिली?"

मी म्हणालो, "तो पुढे बसतो म्हणून."

ती म्हणाली, "पहिल्या बाकावर तर मी बसते."

वाचकहो, दिवाळीचा अंक म्हणजे फराळाच्या ताटाशेजारी ठेवायची वस्तू. त्यात अशी गोष्ट सांगायला बसलो याबद्दल रागावू नका. पण सणाच्या दिवसांत सारे घर एकत्र असते, आणि मुलांवर संस्कार कसे होतात हा प्रश्न साऱ्या घराचाच आहे. त्या रात्री मी एका दहा वर्षांच्या मुलीपुढे दोनदा चुकलो होतो. सकाळी एका मुलावर अन्याय केला आणि रात्री त्याबद्दल खोटे बोललो. पहिली चूक नजरेने केली, दुसरी जिभेने. जिभेची चूक मला तत्काळ कळली. नजरेची कळायला पुष्कळ दिवस लागले. तिच्याविषयीच मला आज बोलायचे आहे.

ही नजर माझ्यात कुठून आली? मला कोणी म्हणून शिकवले नव्हते की पारधी चोर असतो. आमच्या घरी तर असे बोलणेही पाप मानत. माझी आई अतिशय दयाळू बाई होती. दिवाळीत बेड्यावरच्या बाया दाराशी येत, तेव्हा ती त्यांना कधी उरलेसुरले घालीत नसे. करंज्या, शंकरपाळे, चिवडा, जे आमच्या पानात तेच त्यांच्या पदरात. शेजारणी तिला हसत. पण ते फराळाचे ती कसे देई, हे मला आजही डोळ्यांपुढे दिसते. हात उंच धरून, पदराला बोट लागणार नाही अशा बेताने, ती ते वरून सोडी. शिवाय आमच्या कोनाड्यात एक कानतुटका कप असे. तो कोणासाठी आहे हे आम्हां भावंडांना कोणी सांगितले नव्हते. तरी त्या कपाने आमच्यापैकी कोणी चुकूनही कधी चहा प्यायला नाही. आईने तोंडाने आम्हांला दया शिकवली. तिच्या हाताने आम्हांला अंतर शिकवले. दोन्ही धडे आम्ही सारख्याच निष्ठेने पाठ केले. पहिल्याची उजळणी आम्ही चारचौघांत करतो, दुसऱ्याची उजळणी आपोआप होते.

आईवर टीका करण्यासाठी हे लिहीत नाही. जिच्यामुळे मला थोडीफार माणुसकी कळली, तिच्याच हातून हेही आले, ही अडचण मला सांगायची आहे. आणि ती माझ्या एकट्याच्या आईची अडचण नव्हे.

'श्यामची आई' हे पुस्तक मराठी घराघरांत आहे. साने गुरुजींनी ते १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले, १९३५ साली ते प्रसिद्ध झाले आणि १९५३ साली आचार्य अत्र्यांनी त्यावर चित्रपट काढला. त्यातला एक प्रसंग आपण सर्वांनी लहानपणी वाचलेला आहे. अस्पृश्य मानलेल्या समाजातली एक म्हातारी, तिच्या डोक्यावरची लाकडाची मोळी खाली पडलेली. ती तिला एकटीला उचलवत नाही, आणि शिवायचे नाही म्हणून कोणी हात लावीत नाही. श्यामची आई श्यामला सांगते, जा, तिच्या डोक्यावर मोळी दे. श्याम जातो, मोळी उचलून देतो. त्या काळच्या कोकणातल्या ब्राह्मण घरातल्या बाईने आपल्या मुलाला असे सांगणे ही लहान गोष्ट नव्हती. हा धडा मी वर्गात अनेकदा डोळ्यांत पाणी आणून वाचला आहे.

पण त्या प्रसंगात आणखी एक वाक्य आहे, आणि ते मी वाचता वाचता नेहमी भरकन पुढे नेत असे. मोळी उचलून दिल्यावर घरी येऊन अंघोळ कर, असेही आई सांगते. वाटेत भेटलेला गृहस्थ श्यामला रागावतो, तेव्हा श्यामही हेच सांगतो, की मी घरी जाऊन अंघोळ करणार आहे.

पिशवीच्या प्रसंगानंतर मी ते प्रकरण पुन्हा काढून वाचले. या वेळी मोळीपेक्षा अंघोळीपाशीच अडलो. माझ्या आईचा उंच धरलेला हात मला तिथे दिसला. आई मुलाला म्हणते, म्हातारीला मदत कर. आणि त्याच श्वासात म्हणते, तिला शिवल्याने तू मळतोस. मुलाने यातले काय घ्यावे?

या प्रश्नाचे उत्तर पुस्तकात शोधण्यापेक्षा त्या मुलाच्या आयुष्यात शोधावे. श्याम म्हणजे साने गुरुजी असे आपण मानतो. गोष्टीत थोडे इकडचे तिकडे असेलही. पण १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरला विठ्ठलाचे मंदिर अस्पृश्य मानलेल्या माणसांना खुले व्हावे म्हणून प्राण पणाला लावून उपोषण करणारे साने गुरुजी हे गोष्टीतले नव्हेत, इतिहासातले आहेत. मंदिर खुले झाले. मोळी उचलून घरी जाऊन अंघोळ करणारा मुलगा आणि पंढरपूरचा उपोषणकर्ता यांच्यात अंतर किती! ते अंतर आईने चालून दाखवलेले नव्हते. मोळी उचलायला आईने शिकवले. अंघोळ सोडायला मुलगा स्वतः शिकला. पण मोळी उचललीच नसती, तर अंघोळ सोडण्याचा प्रश्न तरी त्याच्यापुढे कधी आला असता?

संस्कार या शब्दाचा अर्थ मला इथे थोडासा कळला. आईबाप मुलाला पुरा रस्ता देऊ शकत नाहीत. त्यांना स्वतःलाच तो पुरता ठाऊक नसतो. ते पहिले पाऊल देतात, आणि त्या पावलाला आपल्या काळाची धूळ लागलेली असते. पाऊल ठेवून धूळ झटकणे हे मुलाचे काम. आपण बहुधा उलटे करतो. धूळ जपून ठेवतो, तिला परंपरा म्हणतो, आणि पाऊल टाकायचे विसरतो.

त्याच सुमारास माझ्या हाती एक अमेरिकन कादंबरी आली. मी इंग्रजीचा पंडित नव्हे. शब्दकोश मांडीवर घेतल्याशिवाय मला इंग्रजी पुस्तक वाचता येत नाही. उन्हाळ्याची सारी सुटी त्यात गेली. हार्पर ली या बाईंची 'टु किल अ मॉकिंगबर्ड' ही कादंबरी १९६० साली निघाली आणि पुढच्याच वर्षी तिला तिकडचे पुलित्झर पारितोषिक मिळाले. गोष्ट घडते १९३० नंतरच्या दशकात, अमेरिकेच्या दक्षिणेकडील अलाबामा राज्यातल्या एका कल्पित गावात. तो मुलूख कापसाचा, आणि म्हणून मला तो परका वाटला नाही. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस विलायतेला मिळेना, म्हणून आमच्या वऱ्हाडच्या कापसाला भाव आला, हे आम्हांला शाळेत शिकवलेले आहे. ज्या गुलामगिरीवरून ते युद्ध झाले, तिची उरलेली सावली या कादंबरीत आहे.

टॉम रॉबिन्सन नावाच्या एका काळ्या मजुरावर गोऱ्या मुलीवर अत्याचार केल्याचा आळ येतो. ॲटिकस फिंच नावाचा गोरा वकील त्याचे वकीलपत्र घेतो. मुलीच्या चेहऱ्यावर मार बसला आहे तो उजव्या बाजूला, म्हणजे मारणारा डावखुरा असावा. आणि टॉमचा तर डावा हातच लुळा, लहानपणी कापसाच्या जिनात सापडून निकामी झालेला. आमच्याकडे ज्यांनी जिनिंगमध्ये काम केले आहे, त्यांना हा पुरावा समजावून सांगावा लागणार नाही. सारा गाव तो लुळा हात उघड्या डोळ्यांनी पाहतो. तरी पंच म्हणून बसलेले बारा गोरे गृहस्थ टॉमला दोषी ठरवतात. पुढे तुरुंगातून पळू पाहताना टॉम गोळ्यांना बळी पडतो.

ही सारी गोष्ट ॲटिकसची लहान मुलगी स्काउट सांगते. बाप तिला शिकवतो, की दुसऱ्याच्या जागी उभे राहून पाहिल्याशिवाय त्याच्याविषयी मत बनवू नये. आपल्याकडे 'ज्याचे जळते त्याला कळते' असे म्हणतात. या वकिलाचे म्हणणे असे, की ज्याचे जळत नाही त्यानेही कळून घेतले पाहिजे. मॉकिंगबर्ड हा दुसऱ्या पाखरांच्या आवाजाची नक्कल करणारा एक पक्षी आहे. तो कोणाच्या बागेची नासाडी करीत नाही, नुसता गातो, म्हणून त्याला मारणे पाप, असे त्या गोष्टीत मुलांना सांगितले जाते. हे वाचताना माझ्या कानांत तितराचा आवाज घुमला, हे सांगायला नकोच.

पण माझ्या जिव्हारी लागला तो दुसराच एक प्रसंग. स्काउटच्या शाळेत एक शिक्षिका आहेत. जर्मनीत हिटलर ज्यूंचा छळ करतो याबद्दल त्या वर्गात फार कळकळीने बोलतात. आपल्या देशात असे होत नाही, आपल्याकडे लोकशाही आहे, असे फळ्यावर लिहून समजावतात. याच बाई कोर्टातून बाहेर पडताना, या काळ्या लोकांना आता धडा शिकवायलाच हवा, अशा अर्थाचे बोलल्या होत्या, आणि स्काउटने ते ऐकले होते. घरी येऊन ती भावाला विचारते, हिटलरचा इतका राग येणाऱ्या माणसाला आपल्याच गावातल्या माणसांशी इतके वाईट कसे वागता येते?

मी पुस्तक मिटून ठेवले. त्या बाई म्हणजे मीच होतो. मुक्ता साळवे या शाळकरी मुलीने १८५५ साली मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला, जोतिबा फुल्यांच्या शाळेत ती शिकत होती, हे मी मुलांना दरवर्षी सांगतो. लहानग्या भीमरावाला शाळेत वेगळ्या गोणपाटावर बसावे लागे, तहान लागली तर शिपायाने वरून पाणी ओतायचे, हे सांगताना माझा गळा दाटून येतो. पुण्या-साताऱ्याच्या त्या जुन्या शाळांतला अन्याय मला दिसतो. माझ्या वर्गातल्या भिंतीजवळचा मुलगा मात्र मला तेव्हाच दिसला, जेव्हा पैसे हरवले. दूरचा अन्याय पाहायला डोळे लागतात, जवळचा पाहायला आरसा लागतो. आणि आरसा मुलांच्या हातात असतो.

या वकील गृहस्थांची गोष्ट इथेच संपत नाही. हार्पर लीबाईंनी या कादंबरीच्या आधी लिहिलेली दुसरी एक कादंबरी २०१५ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात स्काउट मोठी होऊन गावी येते, आणि आपला बाप काळ्यांना वेगळेच ठेवू पाहणाऱ्यांच्या सभेत बसलेला तिला दिसतो. पुष्कळ वाचकांना याचा धक्का बसला. आमचा देवमाणूस का बिघडवला, असे त्यांनी विचारले. मला धक्का बसला नाही. मला एवढेच वाटले, की ही त्या बापाची अंघोळ. त्याने मोळी उचलली, साऱ्या गावाचा रोष पत्करून उचलली. पण घरी येऊन त्याने अंघोळ केली. ती सोडण्याचे काम मुलीच्या वाट्याला आले.

आणखी एक गोष्ट मनात सलते. त्या थोर कादंबरीत टॉमचे दुःख आपल्याला गोऱ्या मुलीकडून कळते. टॉमच्या घरी त्या रात्री काय झाले, त्याच्या पोरांनी आईला काय विचारले, ते आपल्याला कळत नाही. या बाबतीत आपली मराठी भाग्यवान म्हटली पाहिजे. लक्ष्मण माने यांचे 'उपरा' १९८० साली आले, लक्ष्मण गायकवाडांचे 'उचल्या' १९८७ साली आले आणि त्याला साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. ज्यांच्यावर आळ घेतले गेले, तेच इथे बोलू लागले. ही पुस्तके माझ्या कपाटात होती, मी ती वाचलीही होती. तरी त्या दिवशी नजर सरळ तिकडेच गेली. तेव्हा नुसत्या वाचनाने माणूस सुधारतो, या भ्रमातही मी आता राहिलेलो नाही.

इथे एखादा अनुभवी गृहस्थ मला थांबवील. तो म्हणेल, "गुरुजी, हे सारे ठीक आहे, पण पारध्यांत चोऱ्या होतातच की! धूर दिसला तर माणूस आगीचा संशय घेणारच." या गृहस्थाला टाळून पुढे जाणे बरे नव्हे, तो आपल्या प्रत्येकाच्या मनात बसलेला आहे.

त्याला मी आधी धुराचा इतिहास सांगेन. १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. ज्या जमातीचे नाव त्या यादीत चढले, तिच्यात जन्मणे हाच पुरावा झाला. पोलिसांकडे हजेरी द्यायची, परवानगीवाचून गाव सोडायचे नाही. सोलापूरला तर अशा लोकांना तारेच्या कुंपणाआड वसवले होते. पारध्यांच्या अनेक पोटजमातींवर हा शिक्का बसला. देश स्वतंत्र झाल्यावर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला आणि या जमातींना विमुक्त म्हणू लागले. कायदा कागदावरून गेला. पोलीस पाटलाच्या, सावकाराच्या आणि शिक्षकाच्या डोक्यातून तो कोणी रद्द करायचा? पारध्यांचा मूळ धंदा फासे लावून तितर-लावे धरण्याचा. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद झाली. रानासाठी ते योग्यच झाले, पण ज्याचे हातचे काम गेले त्याला दुसरे कोणी दिले नाही. जमीन नाही, मजुरीला कोणी उभे करीत नाही, कारण तो पारधी; आणि काम नाही म्हणून तो चोरी करीत असणार, असा पुन्हा संशय. आग आपणच लावायची आणि मग धुराकडे बोट दाखवायचे, असा हा प्रकार आहे.

आणि समजा, दहा माणसांनी चोरी केलीही असेल. म्हणून अकराव्याच्या पोराची पिशवी उलटी करायची का? आमच्याकडे कापसाचा हंगाम येतो तेव्हा मापात काटा मारणारे व्यापारीही काही कमी नसतात. शेतकऱ्याच्या गाडीमागे दोन-चार किलो गिळणारा काटा आम्ही सर्वांनी पाहिलेला आहे. म्हणून वर्गात पैसे हरवले तर व्यापाऱ्याच्या पोराला कोणी आधी उठवतो काय? नाही, आणि उठवूही नये. तो न्याय आपण त्या पोराला सहज देतो, कारण तो आपल्यातला. पूर्वग्रह म्हणजे काय, याची याहून सोपी व्याख्या मला सापडलेली नाही: आपल्यातल्या माणसाचा दोष त्याचा एकट्याचा, आणि परक्या माणसाचा दोष त्याच्या साऱ्या जातीचा.

आता राहिलेली हकीकत सांगतो.

दुसऱ्या दिवशी मुलगा शाळेत आला नाही. तिसऱ्या दिवशी मी बेड्यावर गेलो. मुलगीही बरोबर येते म्हणाली. मी नको म्हणणार होतो, पण म्हणालो नाही. बेडा गावापासून फार तर एक मैल असेल. त्या गावात इतकी वर्षे नोकरी करून मी तिथे प्रथमच जात होतो. मला दुरून येताना पाहून दोन-तीन तरुण माणसे पालांमागून रानाकडे निघून गेली. पांढऱ्या कपड्यातला माणूस तिथे कशासाठी येतो, हे त्यांना ठाऊक होते. एक म्हातारी पुढे झाली. हात जोडून म्हणाली, "गुरुजी, पोट्ट्यानं काई केलं का?"

मी म्हणालो, "नाही आजी. मी केले." आणि झाले ते सांगितले.

तिला ते नीट समजले की नाही, मला सांगता येत नाही. तिने मुलाला हाक मारली. तो माझ्याकडे न पाहता माझ्या मुलीकडे पाहत उभा राहिला. म्हातारीने आम्हांला चहा घेता का म्हणून विचारले. जर्मनच्या भांड्यातून दोन कपांत चहा आला. त्यातल्या एकाचा कान तुटलेला होता. तिने चांगला कप मला दिला आणि तो मुलीला दिला. त्यांच्याकडे दोनच होते. मुलगी निमूटपणे चहा प्यायली. मला मात्र आमच्या घरचा कोनाडा आठवला, आणि तो घोट घशाखाली उतरायला वेळ लागला.

सहलीच्या दिवशी निघण्यापूर्वी मी वर्गापुढे उभे राहून सांगितले, की पैसे माझ्याच हजेरीपटात होते, मी विनाकारण एका मुलावर संशय घेतला, ही माझी चूक झाली. सांगायला जेमतेम एक मिनिट लागले. आदल्या रात्री झोप लागली नव्हती, ती याच मिनिटाच्या भीतीने. हजेरीपट मिटताना मनात आले, की हजेरी हा शब्द माझ्या वर्गातल्या सोळा मुलांसाठी एका अर्थाचा आहे आणि सतराव्यासाठी, त्याच्या आजा-पणजापासून, निराळ्या अर्थाचा आहे. मुलगा आला होता. चिंतामणीच्या पायऱ्या उतरताना त्याने तितराचा आवाज काढला, आणि सारी पोरे त्याच्याभोवती जमली. मला वाटले, झाले, मिटले.

ते मिटले नव्हते. दिवाळीची सुटी संपून शाळा सुरू झाली. एक दिवस कोणाची तरी कंपासपेटी हरवली. मी काही विचारायच्या आत तो भिंतीजवळून उठला, पुढे आला, आणि आपली पिशवी त्याने स्वतःच्या हाताने माझ्या टेबलावर उलटी केली. रागाने नव्हे, जसे एखादे मूल फळा पुसायला येते, तसे. मी म्हणालो, "अरे, कोणी सांगितले तुला?" तो काही बोलला नाही. सामान गोळा करून जागेवर गेला. वर्षभरात असे तीनदा झाले. पुढच्या पावसाळ्यात ते कुटुंब दुसरीकडे गेले, आणि तो कुठे शिकला, शिकला की नाही, हे मला कळले नाही.

माझ्या माफीने माझे मन हलके झाले. त्याच्या पिशवीचे ओझे तेवढेच राहिले. एका मिनिटात मी त्याला जो धडा दिला, तो माझ्या कळकळीच्या शंभर धड्यांहून पक्का बसला. माझे सारे म्हणणे यात आले. मुले आपल्या बोलण्यातून शब्द शिकतात आणि आपल्या वागण्यातून अर्थ शिकतात. अन्याय सोसणारे मूलही आपल्याकडूनच काहीतरी शिकून जाते, हे आपण विसरतो.

माझी मुलगी आता मोठी झाली आहे. मागल्या दिवाळीत दारी फराळाला आलेल्या एका बाईला तिने आत ओसरीवर बसवले, बशीत फराळाचे दिले आणि आमच्याच कपात चहा दिला. माझी आई आता फार थकली आहे. ती खाटेवरून पाहत होती. मी तिच्याकडे पाहिले. मला वाटले, ती काही बोलेल. ती एवढेच म्हणाली, "अनारसा दिलास का गं तिला? अनारसा राहिला."

मुलीने डबा उघडून अनारसा काढला आणि बाईच्या हातावर ठेवला. हात उंच धरलेला नव्हता.